३८ होम रन मारणारा खेळाडू बाजारात असताना आपला संघ त्याला का घेत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमचा अमेरिकी बेसबॉल संघ ८४च्या आसपास सामने जिंकला आणि प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) थोडक्यात हुकली. बाजारात ३१ वर्षांचा एक फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा) करार संपून मोकळा आहे. त्याने ३८ होम रन (षटकारासारखे सीमापार फटके) मारलेत आणि तो ६ वर्षांचे १५ कोटी डॉलर मागतोय. संघाने मात्र घेतला ३३ वर्षांचा एक कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा), तोही एका वर्षासाठी. तुमची चौदा वर्षांची लेक विचारते, "बाबा, मालक एवढा श्रीमंत आहे, मग घेत का नाहीत?" आयपीएलच्या लिलावात हवा तो खेळाडू आला की पॅडल वर होतं, मग इथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत नेमकं काय चालतं, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही खेळाडूचं नाव दिलेलं नाही, तेव्हा मीही आकडे गोल करूनच वापरते.

मी मूळची साताऱ्याची. संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत आले आणि गेली १५ वर्षं मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमधल्या संघांच्या कार्यालयात काम करतेय. खेळाडू किती वर्षं, किती पैशांना घ्यावा हे सुचवणं हे माझं हिवाळ्यातलं काम. उत्तरातला बराच भाग संघाच्या परिस्थितीवर अवलंबून असतो. एकाच खेळाडूबद्दल एका संघाने "नाही" म्हणणं आणि दुसऱ्याने "हो" म्हणणं, दोन्ही बरोबर असू शकतं. पण विचार करण्याची रीत सगळीकडे बरीचशी सारखी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, खेळाडू चांगला आहे का, हा प्रश्न आमच्या बैठकीत जवळजवळ येतच नाही. तो चांगला आहे हे सगळ्यांनाच दिसतं. आम्ही विचारतो ते असं: तो आपल्याकडे ज्या वयात असेल त्या वयात, आपल्याकडे आज जो आहे त्याच्यापेक्षा किती सामने जास्त जिंकून देईल? आणि ते जास्तीचे सामने आपल्या किती कामाचे?

आयपीएलशी तुलना तुम्ही केलीच आहे, तर फरक सांगते. तिथे सगळ्या संघांची थैली सारखी. २०२४च्या नोव्हेंबरमधल्या मोठ्या लिलावात प्रत्येकाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. बोली सगळ्यांच्या समोर लागते, आणि काही वर्षांनी पुन्हा नव्याने वाटणी होते. इथे खर्चावर पक्की मर्यादा नाही, दुसऱ्याने किती देऊ केलंय ते दिसत नाही, आणि करार झाला की शेवटच्या डॉलरपर्यंत तो द्यावाच लागतो. खेळाडू दुखावला, त्याची बॅट चालेनाशी झाली, त्याला घरी बसवला, तरी पैसे चालूच. त्यामुळे इथे चूक झाली की ती पाच-सहा वर्षं सोबत राहते.

आता वय. माझ्या मते सगळं इथूनच सुरू होतं. १९७५ सालापर्यंत मेजर लीगमधला खेळाडू संघाला जवळजवळ जन्माचा बांधलेला असे. त्या डिसेंबरमध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) प्रकरणात लवादाने निकाल दिला आणि ती बेडी तुटली. पण त्यानंतर जी व्यवस्था ठरली तिच्यात खेळाडूला मोकळं होण्यासाठी मेजर लीगमधली ६ वर्षांची सेवा लागते. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. बहुतेक खेळाडू तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी वर येतात, म्हणजे मोकळे होतात एकोणतीस-तीसला. आणि हिटरचा, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याचा, सर्वांत बहराचा काळ साधारण २६ ते २९. म्हणजे बाजारात जे विकायला येतं ते बहुतेक वेळा बहर ओसरू लागल्यानंतरचं असतं. ३८ होम रन त्याने मारले ते जुन्या संघासाठी. तुम्ही विकत घेणार ती त्याची ३१ ते ३६ ही वर्षं.

हुआन सोटो या बॅटरला न्यूयॉर्क मेट्सनी २०२४च्या डिसेंबरमध्ये १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर दिले तेव्हा अनेकांना वेड लागल्यासारखं वाटलं. पण तो १९व्या वर्षी मेजर लीगमध्ये आला होता, म्हणून २६व्या वर्षीच मोकळा झाला. बहराची वर्षं बाजारात सहसा मिळत नाहीत, आणि ती किंमत त्या वर्षांची होती.

आता तुमच्या फर्स्ट बेसमनचा हिशोब मांडू. आम्ही खेळाडूचं मोल 'वॉर' या मापात धरतो. कल्पना सोपी आहे. मायनर लीगमधून (खालच्या स्तरावरून) कधीही, किमान पगारात उचलून आणता येईल अशा बदली खेळाडूच्या तुलनेत हा किती सामने जास्त जिंकून देतो? नुसत्या बदली खेळाडूंचा संघ मोसमातल्या १६२ पैकी ४८च्या आसपास सामने जिंकेल असं धरलेलं आहे. तुमचा फर्स्ट बेसमन आज साडेतीन सामन्यांचा आहे असं समजू. ३८ होम रनवाला माणूस साडेतीनच का, असं वाटेल. कारण फर्स्ट बेसला धावा करणारे बरेच मिळतात, त्याचं क्षेत्ररक्षण बेताचं आहे, आणि पायांत वेग नाही.

तिशीनंतर असा खेळाडू सरासरीने वर्षाला अर्धा सामना खाली येतो. म्हणजे साडेतीन, तीन, अडीच, दोन, दीड, एक. सहा वर्षांचे मिळून साडेतेरा सामने. खुल्या बाजारात एका सामन्याचा भाव मी सध्या ९० लाख डॉलर धरते. गुणाकार केला की सव्वाबारा कोटीच्या जरा आत. पुढच्या वर्षांत भाव चढतील म्हणून थोडं वर धरा, तेरा-साडेतेरा कोटी होतील. मागणी आहे १५ची. दीड-दोन कोटी जास्त, पण एवढ्यावर कोणी खेळाडू सोडत नाही.

सोडतात ते पुढच्या ओळीमुळे. तुमच्या संघात २५ वर्षांचा एक फर्स्ट बेसमन आधीच आहे. लोक त्याचं नाव घेत नाहीत, पण तो दीड सामन्याचा आहे आणि २०२६चा किमान पगार, म्हणजे ७ लाख ८० हजार डॉलर घेतो. म्हणजे १५ कोटी देऊन पहिल्या वर्षी तुमच्या पदरात साडेतीन सामने पडत नाहीत, दोन पडतात. तो पोरगा जरा जरी सुधारला तरी चौथ्या वर्षी दोघं बरोबरीला येतात. पाचव्या-सहाव्या वर्षी तुम्ही वर्षाला अडीच कोटी देऊन आपल्याच चांगल्या खेळाडूला बाकावर बसवताय.

आणि आता कॅचर. गेल्या मोसमात तुमच्या संघाच्या कॅचरांनी मिळून जवळजवळ काहीच दिलं नाही. ३३ वर्षांचा, दोन सामन्यांचा कॅचर एका वर्षासाठी साधारण एक कोटीला मिळाला, तर तिथेही तेच दोन सामने वाढले. तेवढाच फायदा, पंधराऐवजी एका कोटीत, आणि पुढच्या हिवाळ्यात हात मोकळे. आमच्या खोलीत भिंतभर एक फळा असतो. त्यावर प्रत्येक खेळाडूची लोहचुंबकाची पट्टी: नाव, वय, पगार, किती वर्षं आपल्याकडे. नोव्हेंबरच्या पहिल्या बैठकीत बाजारातल्या खेळाडूंची यादी टेबलावर उलटी ठेवलेली असते. आधी फळ्यावरची भोकं बघायची, मगच यादी उलटायची. ही सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावली, आणि तिने आमचे किती पैसे वाचवले असतील ते मोजणं अवघड आहे.

कॅचरबद्दल एक गोष्ट जोडते, कारण ती नुकतीच बदलली आहे. २०२६पासून पिचरचा चेंडू बॉल (वाइडसारखा) की स्ट्राइक (वैध) यावर यंत्राकडे दाद मागायची सोय मेजर लीगमध्ये लागू आहे. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी, आणि दाद मागू शकतात फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर. ज्याला स्ट्राइक झोन (वैध चेंडूची चौकट) बोटाच्या पेराएवढ्या अचूकतेने दिसतो असा अनुभवी कॅचर आता आणखी एका कारणाने मोलाचा झाला. तुमच्या संघाने हा विचार केला असेल तर मला त्यांचं कौतुक वाटतं.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: बाजारात सरलेल्या बहराची वर्षं मिळतात, खेळाडूची किंमत आपल्याकडच्या माणसाला वजा करून धरायची, आणि भोक जिथे मोठं तिथे पैसा आधी.

यानंतरचा प्रश्न अवघड आहे, आणि इथे आमच्यातल्या हुशार माणसांची सर्वांत जास्त भांडणं होतात. जिंकलेले सगळे सामने सारख्या मोलाचे नसतात. ६८चे ७१ झाले तर काही फरक पडत नाही, आणि ९९चे १०२ झाले तरी फारसा नाही. पण ८४चे ८७ झाले तर अख्खा मोसम बदलू शकतो. २०२२पासून प्लेऑफमध्ये १२ संघ जातात. २०२३मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स ८४ सामने जिंकून आत गेले आणि थेट वर्ल्ड सीरिजपर्यंत (अंतिम मालिकेपर्यंत) पोचले. २०२५मध्ये सिनसिनाटी रेड्स ८३ सामन्यांवर आत गेले. मेट्सनीही ८३च जिंकले होते, सोटोने ४३ होम रन मारले होते, आणि बरोबरी फोडण्याच्या नियमाने मेट्स बाहेर राहिले. एका सामन्याची किंमत काय, हे त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांना कळलं.

म्हणून तुमच्या संघासारख्या, अगदी उंबरठ्यावर उभ्या असलेल्या संघाने थोडे जास्त पैसे मोजले तर मी त्याला चूक म्हणत नाही. उलट अशा वेळी हात आखडता घेणारे मालक बघून मला मनापासून राग येतो. प्रेक्षक वर्षाला ८१ दिवस घरच्या मैदानावर येणार, त्यांना सप्टेंबरमध्ये अर्थ असलेले सामने मिळाले पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की ते जास्तीचे पैसे जिथे सर्वांत जास्त सामने वाढतील तिथे जावेत. टेक्सास रेंजर्सचं उदाहरण मला फार आवडतं. २०२१मध्ये ते १०२ सामने हरले. त्याच हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगरला १० वर्षांचे ३२.५ कोटी आणि मार्कस सेमियनला ७ वर्षांचे १७.५ कोटी दिले. इतक्या वाईट संघाने एवढा खर्च करावा का, असं बरेच जण म्हणाले. पुढच्या वर्षीही ते ९४ सामने हरले. पण क्षेत्ररक्षणातल्या मधल्या दोन्ही जागा, शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस, वर्षानुवर्षांसाठी भरल्या गेल्या होत्या, आणि अशा जागांना चांगले खेळाडू बाजारात क्वचित येतात. २०२३मध्ये रेंजर्स वर्ल्ड सीरिज जिंकले आणि सीगर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सहावं-सातवं वर्ष वाईट जाईल हे त्यांना तेव्हाही माहीत असणार. जाणूनबुजून दिलेली किंमत आणि नकळत दिलेली किंमत यांत मोठा फरक असतो.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही तुमच्या प्रश्नाला अगदी जवळचं आहे. ख्रिस डेव्हिस, फर्स्ट बेसमन, २०१५मध्ये ४७ होम रन. बाल्टिमोर ओरिओल्सनी २०१६च्या जानेवारीत त्याला ७ वर्षांचे १६.१ कोटी डॉलर दिले. २०१८मध्ये त्याची बॅटिंग सरासरी .१६८ होती, म्हणजे सहा वेळांत जेमतेम एक यशस्वी फटका (हिट). त्या मोसमाच्या अखेरीपासून २०१९च्या एप्रिलपर्यंत सलग ५४ वेळा तो हिटशिवाय परतला, आणि २०२१मध्ये निवृत्त झाला. राखून ठेवलेले पैसे त्याला २०३७पर्यंत मिळत राहणार आहेत. सेंट लुईसचा फर्स्ट बेसमन अल्बर्ट पुहोल्स याला २०११च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनी १० वर्षांसाठी घेतलं, आणि त्या काळात ते प्लेऑफमध्ये एकदाच पोचले, २०१४मध्ये. इकडे सेंट लुईस कार्डिनल्सनी आपला सर्वांत लाडका खेळाडू जाऊ दिला, बदल्यात एंजल्सची ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) जागा त्यांना मिळाली, तिच्यावर त्यांनी मायकेल वाका हा पिचर निवडला, आणि २०१३मध्ये त्याच वाकाच्या जोरावर ते वर्ल्ड सीरिजमध्ये होते. त्या वेळी सेंट लुईसमध्ये किती लोक रडले असतील! पण कार्यालयातल्या माणसांनी वयाकडे बघितलं.

आकडे झाले, आता माणूस. तुमच्यासारखाच एक फर्स्ट बेसमन काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे होता. होम रन भरपूर, त्यातले दोन तृतीयांश घरच्या मैदानावर. तो डावखुरा, आणि तिथली उजवीकडची भिंत जवळ. आमच्याकडे त्या बाजूला खूप खोल मैदान आहे. मी त्याचा प्रत्येक उंच फटका आमच्या मैदानाच्या नकाशावर ठेवून बघितला, तेव्हा अकरा होम रन झेल झाले. मग ताशी ९५ मैलांपेक्षा वेगवान फास्टबॉलवरचे त्याचे सगळे स्विंग एका संध्याकाळी बसून पाहिले. तीन वर्षांपूर्वी तो ते सरळ आणि उजवीकडे मारायचा. आता तेच चेंडू डावीकडे फाउल (रेषेबाहेर) जात होते, एकामागून एक. तो उशिरा पोचत होता. होम रन येत होते ते वळणाऱ्या, हळू चेंडूंवर. आकड्यांत हे अजून दिसत नव्हतं, कारण पिचरांना ते कळायला अजून अर्धा मोसम लागणार होता.

आमच्या ज्येष्ठ स्काउटने (खेळाडू प्रत्यक्ष पाहून अहवाल देणाऱ्याने) सप्टेंबरमध्ये त्याचे सहा सामने बघितले होते. त्यांची टिपणं अजूनही हाताने लिहिलेली असतात. बॅटिंगबद्दल दोन ओळी होत्या. बाकी सगळं, तो फर्स्ट बेसला खाली वाकून आखूड थ्रो कसे घेतो याबद्दल. "गुडघा टेकवण्याआधी हात जमिनीला लावतो. एप्रिलमध्ये लावत नव्हता." मी ती ओळ तीनदा वाचली. आम्ही चार वर्षांच्या पुढे गेलो नाही, दुसऱ्या संघाने सहा दिली. त्याचं पुढे काय झालं ते सांगत नाही, तो अजून खेळतोय आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे. पण लेकीला सांगा, पुढच्या वेळी टीव्हीवर कुठलाही तिशीतला फर्स्ट बेसमन दिसला की त्याचे हात बघ.

शरीराचा विषय निघालाच आहे तर वैद्यकीय तपासणीबद्दल. करार जाहीर होतो तेव्हा तो पक्का नसतो. तपासणीनंतर होतो. कार्लोस कोरेयाचं प्रकरण सगळ्यांसमोर घडलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला १३ वर्षांचे ३५ कोटी कबूल केले. तपासणीत २०१४ साली शस्त्रक्रिया झालेल्या घोट्याबद्दल शंका निघाली, आणि करार थांबला. मग मेट्सनी १२ वर्षांचे ३१.५ कोटी कबूल केले, त्यांच्या डॉक्टरांनीही तिथेच बोट ठेवलं. शेवटी जानेवारीत तो मिनेसोटा ट्विन्सकडे परतला, ६ वर्षांच्या २० कोटींवर. घोटा तोच होता. बदललं ते, तो किती वर्षं टिकेल याबद्दलचं प्रत्येक डॉक्टरचं मत. आमच्याकडे डॉक्टर 'हो' किंवा 'नाही' असं कधीच सांगत नाहीत. ते म्हणतात, दोन वर्षं असतील तर मला काळजी नाही, सहा असतील तर आहे. त्या एका वाक्यावर करारातली वर्षं कमी होतात.

पिचरांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट. वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०१५च्या जानेवारीत मॅक्स शर्झरला ७ वर्षांचे २१ कोटी दिले. त्याने तिथे दोनदा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला, २०१९ची वर्ल्ड सीरिज जिंकली. त्याच संघाने त्याच २०१९च्या डिसेंबरमध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला ७ वर्षांचे २४.५ कोटी दिले, वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये फक्त ८ सामने टाकू शकला. माणसं तीच, कार्यालय तेच. म्हणून पिचरचा मोठा करार मी कधीही एकटा बघत नाही. तो मोडला तर बाकीचा संघ उभा राहील का, हे आधी विचारते.

कर आणि नियमांबद्दल पटकन सांगते. २०२६साठी संघातल्या सगळ्यांच्या पगाराच्या बेरजेची रेषा २४.४ कोटी डॉलर आहे. ती ओलांडली की वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५० टक्के कर, आणि खूप वर गेलात तर त्यावर आणखी. म्हणजे रेषेच्या वर बसलेल्या संघाला तोच अडीच कोटींचा खेळाडू तीन ते पावणेचार कोटींना पडतो. या हिशोबात करारातली वार्षिक सरासरी धरतात, म्हणून एजंट आणि संघ वर्षं ताणतात किंवा पैसे पुढे ढकलतात. शोहेई ओतानी या जपानी खेळाडूचे लॉस एंजेलिस डॉजर्सकडचे ७० कोटी तुम्हाला ठाऊक असतीलच. त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात, व्याजाशिवाय मिळणार आहेत, त्यामुळे कराच्या हिशोबात ते वर्षाला ७ कोटी न धरता ४.६ कोटींच्या आसपास धरले जातात. शिवाय जुन्या संघाने खेळाडूला क्वालिफायिंग ऑफर, म्हणजे एका वर्षाच्या ठराविक पगाराचा प्रस्ताव, दिलेली असेल (२०२५-२६च्या हिवाळ्यात ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती) आणि त्याने ती नाकारली असेल, तर त्याला घेणाऱ्या नव्या संघाला ड्राफ्टमधली जागा गमवावी लागते. तुमच्या फर्स्ट बेसमनला ती ऑफर होती का ते बघा. असेल तर १५ कोटींवर एका होतकरू पोराची किंमतही जोडा.

आता जे मला स्वतःला महागात पडून शिकावं लागलं ते सांगते. एका मोसमात आमच्या संघाने ऑगस्टमध्ये शेवटच्या डावात हातातले सहा सामने घालवले. शहरात तेवढीच चर्चा. त्या हिवाळ्यात आम्ही एका रिलीव्हरला (सामन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या पिचरला) तीन वर्षांचा करार दिला. त्याच्याविरुद्ध धावा फार कमी झाल्या होत्या. माझ्या अहवालात मी लिहिलं होतं की त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) दोन वर्षं घसरतायत आणि त्याच्याविरुद्ध मारलेले जोरदार चेंडू नशिबाने थेट हातांत गेलेत. पण बैठकीत मी ते जोर देऊन मांडलं नाही. ऑगस्टमधले ते सहा सामने माझ्याही पोटात दुखत होते. पुढच्या मेमध्ये ते चेंडू मोकळ्या जागेत पडू लागले, आणि तिसऱ्या वर्षी आम्ही त्याला सोडून उरलेला पगार भरला. तो माणूस मेहनती होता, त्याचं काही चुकलं नाही. चुकलो आम्ही, गेल्या मोसमाच्या जखमेवर पट्टी बांधायला गेलो आणि पुढच्या मोसमाकडे बघितलंच नाही. तेव्हापासून नोव्हेंबरमधल्या पहिल्या बैठकीत मी प्रत्येकाला, कुठला सामना तुम्हाला अजून झोपू देत नाही, ते कागदावर लिहायला लावते. मग ते कागद मी माझ्या खणात ठेवते, आणि एखाद्या खेळाडूसाठी आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या वर जायला लागलो की बाहेर काढते.

बोली झाकलेली असल्याने आणखी एक धोका आहे. एका खेळाडूवर आठ संघांनी आठ अंदाज बांधले, तर तो पडतो सर्वांत आशावादी अंदाज ज्याचा, त्याच्या गळ्यात. सर्वांत आशावादी अंदाज बरोबर असण्याची शक्यता कमीच. म्हणून मी माझा आकडा नेहमी थोडा खाली ओढते आणि मगच मालकांपुढे ठेवते. कधीकधी यामुळे चांगला खेळाडू हातचा जातो, आणि ते सोसावं लागतं. अ‍ॅरन जज या बॅटरचं उदाहरण सांगते. २०२२च्या मोसमाआधी न्यूयॉर्क यँकीजनी त्याला ७ वर्षांचे २१.३५ कोटी देऊ केले, त्याने नाकारले, ६२ होम रन मारले आणि डिसेंबरमध्ये ३६ कोटी घेतले, ९ वर्षांसाठी, तिशी उलटल्यावर. माझ्या रीतीने मी तिथे थांबले असते. पण त्यानंतर त्याने २०२४ आणि २०२५मध्येही एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवला. अर्थात त्या संघासाठी तो चेहरा होता, तिकीट होता, कप्तान होता, आणि ते मोल सामन्यांच्या मापात बसत नाही. दुसऱ्या शहरात तोच करार तितका बरोबर ठरला नसता.

तर तुमच्या लेकीला काय सांगाल? मालकाकडे पैसे आहेत, हे ती बरोबर बोलतेय. १५ कोटींची बातमी ऐकली की तिला आधी हे विचारायला सांगा: त्या जागेवर आज कोण आहे, त्याचं वय काय, आणि त्याला कुठे बसवणार. तुमच्या संघाच्या बाबतीत मला कॅचर पटतो. त्या बचतीतून सामना सुरू करणारा आणखी एक पिचर आला नाही, तर मात्र मी तुमच्या बाजूने ओरडेन.

आणि डिसेंबरमधला नकार शेवटचा असतोच असं नाही. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोडी बेलिंजर, मॅट चॅपमन आणि ब्लेक स्नेल हे मोठे खेळाडू लांबलचक करार न मिळाल्याने दोन-तीन वर्षांच्या करारांवर आले, मध्येच मोकळं होण्याच्या मुभेसह. स्नेलने २ वर्षांचे ६.२ कोटी घेतले, मोसम संपल्यावर बाहेर पडला आणि डॉजर्सकडे ५ वर्षांचे १८.२ कोटी मिळवले. तुमचा फर्स्ट बेसमन स्प्रिंग ट्रेनिंग (मोसमाआधीचं सराव शिबिर) सुरू होईपर्यंत मोकळा राहिला आणि दोन वर्षांवर आला, तर सगळा हिशोब बदलतो. मग त्या २५ वर्षांच्या पोराला डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळवता येतं, पाचवं-सहावं वर्ष डोक्यावर नसतं, आणि मी स्वतः त्या बैठकीत हात वर केला असता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचं नाव अजून यादीत आहे का ते बघा, आणि मला कळवा.